कोणी काय पाहिलं, काय वाटलं: सिनेमाच्या वहीच्या प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

वही सुरू केली. वही म्हणजे खरंतर एक साधी शीट आहे, सहाही जणांना उघडता येते आणि लिहिता येतं. मी, ताई, धाकटा भाऊ, आई, मामा आणि माझी ऑफिसातली मैत्रीण, सगळे पिक्चरवेडे पण सगळे वेगवेगळ्या गावी, त्यामुळे कोणी काही पाहिलं की फोनवर "भारी आहे, बघच" नाहीतर "वेळ नको घालवू" एवढं होतं आणि विषय संपतो. सहा महिन्यांनी विचारलं की तुला त्यात काय आवडलं होतं, तर कोणालाच आठवत नाही, मलापण नाही. म्हणून यावर्षी जो कुठला सिनेमा बघू त्याचं मत लिहून ठेवायचं ठरलंय.

रकाने पाच केलेत. सिनेमा, साल, कोणी पाहिला, पाचपैकी किती स्टार आणि दोन ओळी.

मामाने संध्याकाळपर्यंत तीन नोंदी टाकल्यापण. तिन्हींना चार स्टार आणि तिन्हींच्या पुढे एकच शब्द, "छान."

११ जानेवारी

आठवड्यात सतरा नोंदी, उत्साह आहे सगळ्यांना. पण आज निवांत शीट वाचायला बसले तर हाताला काही लागेना. सतरापैकी तेरा ठिकाणी साडेतीन किंवा चार. त्यात ताईचे चार म्हणजे तिला तो मनापासून आवडलाय, आणि मामा तर कोणालाच तीनच्या खाली देत नाही, त्याचं म्हणणं असं की एवढ्या लोकांनी मेहनत केलेली असते, आपण बसल्या जागेवरून काय मार्क कापायचे. मला त्याचं हे म्हणणं आवडतं, पण मग त्याच्या चारवरून मी सिनेमा निवडू शकत नाही.

धाकट्याशी वेगळंच बोलणं झालं. तो म्हणे एका सिनेमाला रॉटन टोमॅटोज या समीक्षांच्या वेबसाइटवर ९५ टक्के होते, मग मला साधाच का वाटला. त्याला सांगितलं की अरे ते मार्क नाहीयेत, जितक्या समीक्षकांनी लिहिलं त्यातल्या किती जणांचं मत एकंदरीत चांगलं आहे त्याची ती टक्केवारी आहे, ६० किंवा वर गेली की लाल टोमॅटो, म्हणजे पास. म्हणजे समज सगळ्यांनीच "ठीक आहे, बघू शकता" म्हटलं तरी १०० येऊ शकतात, आणि निम्म्यांनी डोक्यावर घेतला आणि निम्म्यांनी आपटला तर ५०, म्हणजे नापास. आणि मला तर नेमका तोच बघायचा असतो ज्याच्यावरून माणसं भांडतात! आपल्या शीटच्या खाली मी सरासरी काढून ठेवलीय ती पण हेच करतेय, भांडण झाकतेय. सरासरीचा रकाना आजच उडवला.

१८ जानेवारी

पहिलं खरं भांडण. "द झोन ऑफ इंटरेस्ट", २०२३ चा, जोनाथन ग्लेझरचा. मैत्रिणीने पाच स्टार दिले आणि लिहिलं, "रात्रभर झोप नाही." त्याच्याच खाली धाकट्याचे दीड स्टार, "काहीच घडत नाही, एक कुटुंब बागेत फिरतंय, पोहतंय, जेवतंय. पुढे ढकलत बघितला."

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: ते कुटुंब आहे रुडॉल्फ ह्योसचं, म्हणजे नाझींनी लाखो ज्यूंना जिथे मारलं त्या ऑशविट्झ छावणीचा कमांडंट. घर छावणीच्या भिंतीला लागून. भिंतीपलीकडे काय चाललंय ते जवळजवळ दाखवतच नाहीत, ते ऐकू येतं. लांबून गोळीचा आवाज, कोणीतरी ओरडल्याचा, कुत्रे, आणि या सगळ्याखाली एक घरघर जी थांबतच नाही. २०२४ मध्ये साउंडचं ऑस्कर याच सिनेमाला मिळालं, टार्न विलर्स आणि जॉनी बर्न यांना.

मग मी धाकट्याला विचारलं, तू कशावर बघितलास? तर बसमध्ये, फोनवर, एका कानात इअरफोन. सुरुवातीला काही मिनिटं पडदा नुसता काळा असतो आणि फक्त संगीत वाजतं, तर त्याला वाटलं नेट अडकलंय, म्हणून त्याने तिथूनच पुढे ढकलायला सुरुवात केली. मी त्याला रागावले नाही. मीपण कितीतरी सिनेमे असेच बघितलेत आणि त्यांच्याबद्दल ठामपणे बोललेय, ते आठवून आज वाईट वाटलं.

२१ जानेवारी

धाकट्याने रात्री दिवे बंद करून, दोन्ही कानांवर हेडफोन लावून परत पाहिला. एक वाजता फोन. त्याचं जसंच्या तसं लिहून ठेवते: "ती बाईची (म्हणजे कमांडंटच्या बायकोची) आई राहायला येते ना, बाग बघून खूश होते, आणि मग एके रात्री कोणालाच न सांगता निघून जाते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला कळलंच नव्हतं ती का गेली. कारण तिला जे ऐकू येत होतं ते मला ऐकूच येत नव्हतं."

यापेक्षा चांगलं मत या सिनेमाबद्दल मी तरी कुठे वाचलेलं नाही. त्याला म्हटलं जुनी नोंद पुसू नकोस, खाली नवीन लिही. दोन्ही राहू देत, कारण दोन्ही खऱ्या आहेत, त्याने दोन वेगळे सिनेमे पाहिलेत.

२६ जानेवारी

नवा रकाना: "कशावर, कसा पाहिला". थिएटर, टीव्ही, लॅपटॉप, फोन, आवाज कसा होता, सलग की तुकड्यांत, डब की सबटायटल. ताईची कुरकुर होती की एवढं कोण लिहितं, पण पहिला फायदा तिलाच झाला. तिने नवीन टीव्हीवर एक जुना सिनेमा पाहिला आणि लिहिलं, "फोटोग्राफी स्वस्त वाटते, सिरियलसारखी." मला शंका आली, तिला सेटिंगमध्ये जाऊन मोशन स्मूदिंग बघायला सांगितलं, प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते त्यामुळे सापडायला वेळ लागला, पण चालूच होतं. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेम्सचा असतो आणि टीव्हीचा पडदा सेकंदाला ६० किंवा १२० वेळा बदलतो, तर टीव्ही मधल्या जागेत स्वतःच्या मनाने फ्रेम्स बनवून भरतो. क्रिकेटला ते बरं दिसतं. सिनेमात मात्र सगळं गुळगुळीत होतं आणि सेट सेटसारखा दिसायला लागतो. २०१८ च्या डिसेंबरमध्ये टॉम क्रूझ आणि दिग्दर्शक ख्रिस्टोफर मॅक्वॉरी यांनी एक व्हिडिओ टाकून लोकांना हे बंद करायची विनंती केली होती, एवढं ते सिनेमावाल्यांना लागतं. ताईने बंद केलं, पहिली वीस मिनिटं परत बघितली आणि आपलं वाक्य बदललं.

८ फेब्रुवारी

आज स्टारचा रकाना काढून टाकला. त्याच्या जागी "कुठला सीन". नियम एकच, सिनेमा आवडो न आवडो, एक तरी सीन, एक तरी क्षण नाव घेऊन लिहायचा. "अभिनय उत्तम, पटकथा सैल" असलं चालणार नाही, कुठे सैल ते सांगा.

मला भीती होती की मामा लिहिणंच सोडेल. झालं उलटंच. त्याने "१२ अँग्री मेन" पाहिला होता, सिडनी लुमेटचा, १९५७ चा, आणि शीटमध्ये परत "छान" लिहिलं होतं. मी फोन केला, म्हटलं मामा, छान म्हणजे काय, कुठे छान? तो थोडा वेळ गप्प. मग म्हणाला, "सीन असा एक नाही सांगता येणार गं, एकच खोली आहे. पण शेवटी शेवटी मला गुदमरायला लागलं. असं वाटलं की खोली लहान होत गेलीय."

मी फोनवर ओरडलेच. कारण हे खरंच केलेलं आहे! लुमेट आणि कॅमेरामन बोरिस कॉफमन यांनी ठरवून केलंय ते. सिनेमा ९६ मिनिटांचा आणि जवळजवळ सगळा त्या एका ज्यूरीच्या (खटल्याचा निकाल ठरवणाऱ्या बारा जणांच्या) खोलीत, तर जसजसा सिनेमा पुढे जातो तसतशा ते जास्त फोकल लेंग्थच्या, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्स वापरत गेले, त्यामुळे मागच्या भिंती माणसांच्या जवळ सरकल्यासारख्या वाटतात. आणि कॅमेरा पहिल्या भागात डोळ्यांच्या वर, मधल्या भागात डोळ्यांच्या पातळीवर, शेवटच्या भागात खाली, म्हणजे छतसुद्धा दिसायला लागतं. आणि अगदी शेवटी ते बाहेर पडतात तेव्हा एकदम वाइड लेन्स, की बघणाऱ्याला मोकळा श्वास मिळावा. मामाला यातलं काहीही माहीत नव्हतं, लेन्स म्हणजे चष्म्याची असं तो म्हणतो, पण त्याच्या अंगाला ते कळलं होतं आणि त्याच्या "छान"च्या आत ते सगळं दडून बसलेलं होतं. विचारलं नसतं तर गेलं असतं.

मामाची नोंद आता अशी आहे: "खोली लहान होत जाते. दार उघडल्यावर बरं वाटलं." त्यानंतर त्याने सांगितलं की "एक रुका हुआ फैसला" (१९८६, बासू चॅटर्जी, त्याच गोष्टीवरचा) त्याने अनेकदा पाहिलाय आणि आता तो परत बघणार, खोलीकडे लक्ष ठेवून.

१६ फेब्रुवारी

"कोर्ट", चैतन्य ताम्हाणे, २०१४. चौघांनी पाहिला या आठवड्यात.

मैत्रिणीने लिहिलं की कॅमेरा हलतच नाही, लांब उभा राहून बघतो आणि सीन संपल्यावरसुद्धा थोडा वेळ तिथेच थांबतो, त्यामुळे पहिली पंधरा मिनिटं चिडचिड झाली, मग लक्षात आलं की खऱ्या कोर्टात बसल्यावर असंच होतं, कोणी आपल्यासाठी क्लोजअप लावत नाही, कुठे बघायचं ते आपणच ठरवायचं. तिने निवडलेला सीन: सरकारी वकीलबाई दिवसभर एका लोककलाकाराविरुद्ध केस लढवतात आणि मग घरी जाऊन स्वयंपाक करतात, आणि आपल्याला त्या बाईचा रागही धड येत नाही. गीतांजली कुलकर्णींचं ते काम आहे, आणि वीरा साथीदार यांचा नारायण कांबळे, म्हणजे तो लोककलाकार. खरंच दोन्ही विसरता येत नाहीत.

ताईची नोंद मात्र वेगळी: "शेवट फार सुंदर, कोर्टातले दिवे एकेक करून बंद होतात आणि काळोख." आणि माझ्या काळजात धस्स झालं, कारण तो शेवट नाहीये! काळोख बराच वेळ राहतो खरा, आणि त्यानंतर सुट्टीवर सहलीला गेलेल्या न्यायाधीशांचा एक अख्खा भाग आहे. ताईने काळोखात रिमोट दाबला आणि झोपली. बाकीचा बघून तिने सकाळी फोन केला, म्हणाली, "मला माझा शेवट जास्त आवडत होता, पण हा जास्त त्रास देतोय." आम्ही पाऊण तास बोललो यावर. तिचं मत असं की दिव्यांपाशी संपला असता तर आपण व्यवस्थेला दोष देऊन मोकळे झालो असतो, सहलीत तो न्यायाधीश घरातल्या काकांसारखा दिसतो आणि मग पळवाट राहत नाही. मला पटलं. मैत्रिणीला नाही पटलं, तिला सहल लांबलेली वाटली. दोन्ही लिहून ठेवलंय.

१ मार्च

पंधरा दिवसांत चारच नोंदी. सगळे सिनेमे बघतायत पण लिहायचा कंटाळा करतायत, आणि आईने तर सुरुवातीपासून एकदाही लिहिलेलं नाही. तिला विचारलं तर म्हणाली, मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. खूप चुकल्यासारखं वाटलं मला, कारण लहानपणी सिनेमा कसा बघायचा ते आम्हाला तिनेच शिकवलं. मग ठरवलं की लिहायला कशाला पाहिजे, बोलून पाठव, मी टाइप करते.

तर आईचा पहिला व्हॉइस मेसेज, "कास्ट अवे"वर, टॉम हँक्सचा, २००० चा, विमान पडून एकटाच बेटावर अडकलेल्या माणसाचा. सहा मिनिटांचा मेसेज आहे. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं: "तो बेटावर असताना मला सारखं काहीतरी चुकतंय असं वाटत होतं, काय ते कळत नव्हतं. मग तो तराफ्यावरून निघतो आणि मागे वळून बघतो तेव्हा गाणं सुरू झालं, म्हणजे म्युझिक, आणि मला एकदम रडू आलं. तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ म्युझिक नव्हतंच."

बरोब्बर आहे. बेटावरच्या संपूर्ण भागात पार्श्वसंगीत नाही, अॅलन सिल्व्हेस्ट्रीचं संगीत तो बेट सोडतो तेव्हाच येतं. आईला मी हे सांगितलं तर तिला काही विशेष नवल वाटलं नाही, म्हणाली, "मग, तेच तर म्हणतेय मी."

मी नंतर परत पाहिला तो सिनेमा. आणि अजून एक गोष्ट, हँक्सने वजन कमी करावं, दाढी-केस वाढवावेत म्हणून शूटिंग जवळपास वर्षभर थांबवलं होतं, आणि तेवढ्या वेळात दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसने त्याच टीममधल्या लोकांना घेऊन दुसरा एक सिनेमा करून टाकला. धाकट्याला हे फार आवडलं. आईला नाही आवडलं, तिला तो माणूस खरंच चार वर्षं तिथे होता असंच ठेवायचंय मनात.

१५ मार्च

सबटायटलचा मुद्दा. "पॅरासाइट" (२०१९, बोंग जून-हो) ताईने हिंदी डबमध्ये आणि मैत्रिणीने इंग्रजी सबटायटलवर पाहिला, आणि दोघींच्या बोलण्यात त्यातल्या श्रीमंत घरातली ती मालकीणबाई दोन वेगळ्या बायका वाटतात. ताईला ती बालिश वाटली, मैत्रिणीला बिचारी. मी ताईला फक्त दहा मिनिटं मूळ आवाजात बघ म्हटलं, सबटायटल चालू ठेवून. आता तीपण बिचारीच्या बाजूला.

पण सबटायटलमध्येही गळती आहेच. त्यातला तो पावसाच्या रात्रीचा सीन, मालकीण घरी यायच्या आधी फोन करून एक पदार्थ करायला सांगते. इंग्रजीत त्याला "राम-डॉन" लिहिलंय. असा शब्द नव्हताच, डार्सी पॅकेट या अनुवादकाने रामेन आणि उडोन जोडून तो बनवला, कारण मूळ कोरियन शब्द, जापागुरी, म्हणजे दोन ठरावीक इन्स्टंट नूडल्सची पाकिटं एकत्र करून केलेली साधी, पोराटोरांची डिश. आणि मालकीण त्यात महागातलं बीफ टाकायला सांगते. कोरियात बघणाऱ्याला त्या एका वाक्यात त्या घराचा अख्खा पैसा दिसतो, आपल्याला नुसती घाई दिसते. मला ही गोष्ट तिसऱ्यांदा बघताना कळली. तोवर माझ्या मते तो सीन फक्त धावपळीचा होता.

२२ मार्च

छोटी नोंद. स्पॉयलरवरून कटकट झाली, मैत्रिणीने एका रहस्यपटाचा शेवट पहिल्या ओळीत लिहिला आणि धाकट्याचा तो बघायचा राहिला होता. आता "कुठला सीन" रकान्यात अक्षरं पांढरी करून ठेवायची, ज्याला वाचायचंय तो सिलेक्ट करेल. चालतंय.

२९ मार्च

अजून एक रकाना, "परत पाहिला तेव्हा". याची गरज धाकट्यामुळे जानेवारीतच कळली होती, पण आज करायचं कारण म्हणजे मामा. त्याने "कागज के फूल" (१९५९) पाहिला आणि सांगितलं की तरुणपणी अर्ध्यातून उठून आला होता, आता पन्नाशी ओलांडून कितीतरी वर्षं झाली आणि शेवटी त्या रिकाम्या स्टुडिओत म्हातारा डायरेक्टर येऊन खुर्चीत बसतो तेव्हा त्याला हलता येईना.

एकट्या मामाचंच असं झालंय का? गुरुदत्तचा हा सिनेमा तेव्हा पडला, नंतर लोकांनी डोक्यावर घेतला. हिचकॉकच्या "व्हर्टिगो"ला १९५८ मध्ये संमिश्र प्रतिक्रिया होत्या आणि २०१२ मध्ये "साइट अँड साउंड" या ब्रिटिश मासिकाच्या, समीक्षकांना सर्वोत्तम सिनेमे विचारणाऱ्या पोलमध्ये तो पहिला आला. हा पोल १९५२ पासून दर दहा वर्षांनी होतो. पहिल्यांदा "बायसिकल थीव्ह्ज", मग १९६२ पासून २००२ पर्यंत "सिटिझन केन", मग "व्हर्टिगो", आणि २०२२ ला शांताल आकरमनचा "जान दिलमान", १९७५ चा, २०१ मिनिटांचा, ज्यात एक बाई बटाटे सोलते, भांडी घासते, पलंग आवरते आणि आपण ते सगळं पूर्ण बघतो. आईला तो दाखवायचाय. बटाट्याचा सीन तिच्याइतका बारकाईने आमच्यातलं कोणी बघू शकणार नाही, हे मी अगदी खात्रीने लिहून ठेवते.

१९ एप्रिल

सहाही जणांनी एकाच आठवड्यात एकच सिनेमा बघायचा, असं पहिल्यांदाच केलं. "परफेक्ट डेज", विम वेंडर्स, २०२३. टोकियोतली सार्वजनिक शौचालयं साफ करणारा माणूस, बोलतो फार कमी, गाडीत जुन्या कॅसेट लावतो, दुपारी झाडाखाली बसून पानांतून येणाऱ्या उजेडाचे फोटो काढतो. कोजी याकुशोने ते काम केलंय, फ्रान्सच्या कान महोत्सवात त्यासाठी बेस्ट अॅक्टर.

शेवटचा शॉट म्हणजे गाडी चालवताना त्याचा चेहरा, नीना सिमोनचं गाणं चालू, आणि कॅमेरा तिथेच, खूप वेळ. मी आधीच सांगितलं होतं की एकमेकांचं वाचायचं नाही, आपापलं लिहून मला पाठवायचं. आलेलं असं:

धाकटा म्हणतो तो आनंदात आहे, रडू येतंय तेसुद्धा आनंदाचंच. मैत्रीण म्हणते की बहीण भेटून गेल्यापासून तो आतून हललाय आणि हे सगळं शांत आयुष्य त्याने कशापासून तरी पळून उभं केलंय, ते त्या चेहऱ्यावर फुटतं. माझं मत रोज बदलतंय, मी दोनदा पाहिला. आईचा मेसेज फक्त वीस सेकंदांचा: "तो हसतो तेव्हा त्याचे डोळे बघ, आणि रडतो तेव्हा तोंड बघ." मी बघितलं. परत परत बघितलं. ती म्हणते तसंच आहे, दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं.

ताईने लिहिलं की चेहरा जरा बसका, पसरट वाटला, म्हणून तिला जवळीक वाटली नाही. इथे "कशावर, कसा पाहिला" हा रकाना कामाला आला. सिनेमा जवळपास चौरस फ्रेममध्ये आहे, ४:३, आणि तिच्या टीव्हीने तो ताणून पूर्ण पडद्यावर भरला होता! अख्खा सिनेमा तिने एक आडवा झालेला माणूस पाहिला. सेटिंग बदललंय, शेवटची पंधरा मिनिटं ती उद्या परत बघणार आहे, तोवर तिची नोंद अर्धवट म्हणून पिवळी करून ठेवली.

आणि मामा. त्याने शीटमध्ये स्वतः टाइप केलंय, मला फोन न करता, चुकांसकट, मी एकही अक्षर दुरुस्त केलेलं नाही: "सकाळी दार ऊघडून तो आधी वर बघतो, आभाळाकडे. रोज. मी मोजलं नाही पण वाट बघायला लागलो की आता बघेल. शेवटी गाडीत तसंच समोर बघतो. मी पण बसून राहिलो नावं संपेपर्यंत."

नावं संपल्यावर एका जपानी शब्दाचा अर्थ येतो, पानांतून झिरपणाऱ्या उजेडाला त्यांच्याकडे एक शब्द आहे, कोमोरेबी. मामा तिथपर्यंत बसला होता म्हणून त्याला तो दिसला. बाकीच्या पाचांपैकी कोणीच थांबलेलं नव्हतं, मीसुद्धा दोन्ही वेळा आधीच बंद केला. आज रात्री शेवटापासून पुढे बघतेय.

ता. क. पुढच्या आठवड्याचा सिनेमा आईने निवडायचाय.